लढाऊ वैमानिकाच्या आयुष्यात श्रद्धा आणि कुटुंबनिष्ठा खरोखर टिकते का?

सैनिकी वैमानिकांच्या मृत्युलेखांत ‘श्रद्धावान आणि कुटुंबवत्सल’ हे शब्द हमखास आढळतात. ते केवळ शिष्टाचाराचे असतात की कोणाच्या आयुष्यात खरोखर दिसतात, असे आपण विचारले आहे. सरसकट विधान करण्याऐवजी मी एकाच माणसाचे आयुष्य समोर ठेवतो. अमेरिकी हवाई दलातील ब्रिगेडियर जनरल रॉबिन्सन रिझनर (१९२५–२०१३) यांच्या श्रद्धेची आणि संसाराची परीक्षा एकाच घटनेने, व्हिएतनाम युद्धातील दीर्घ कैदेने, घेतली आणि दोन्हींचा निकाल मात्र वेगवेगळा लागला. मृत्युलेखातील त्या दोन शब्दांकडे पाहण्यासाठी मला हे उदाहरण म्हणूनच अधिक उपयोगी वाटते.

त्यांची कारकीर्द थोडक्यात सांगतो. आर्कान्सा राज्यात जन्मलेले रिझनर १९४३ मध्ये सैन्यात दाखल झाले आणि कोरियन युद्धात एफ-८६ सेबर विमानातून लढताना त्यांनी शत्रूची आठ मिग-१५ लढाऊ विमाने पाडली. मला मात्र या आकड्यापेक्षा १५ सप्टेंबर १९५२ चा प्रसंग अधिक बोलका वाटतो. विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या जोडीने दुसऱ्या विमानातून उडणारा वैमानिक जो लोगन याच्या विमानातून इंधन गळू लागले, तेव्हा रिझनर यांनी त्याला इंजिन बंद करायला सांगितले, आपल्या विमानाचे नाक त्याच्या विमानाच्या शेपटीला टेकवले आणि त्याला पुढे ढकलत समुद्रातील चो-दो बेटापर्यंत आणले. लोगनचे इंधन आणि तेल त्यांच्या काचेवर उडत होते, समोरचे नीट दिसत नव्हते. लोगनने बेटाजवळ छत्रीसह उडी घेतली, पण छत्रीच्या दोऱ्यांत अडकून तो बुडाला. एवढे धाडस करूनही मित्र वाचला नाही, ही गोष्ट त्यांच्या शौर्यकथा सांगताना पुष्कळदा गाळली जाते.

१९६५ मध्ये ते ओकिनावा येथील काडेना तळावरील तुकडीचे प्रमुख होते आणि पत्नी व पाच मुलगे असा त्यांचा परिवार होता. त्या एप्रिलमध्ये उत्तर व्हिएतनाममधील थान होआ पुलावरील हल्ल्यांचे त्यांनी नेतृत्व केले आणि त्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. १६ सप्टेंबरला त्यांचे एफ-१०५ लढाऊ विमान पाडले गेले आणि ते पकडले गेले. मुखपृष्ठाचा तो अंक शत्रूच्या हाती आधीच पोहोचला होता, त्यामुळे हा कैदी किती महत्त्वाचा आहे हे शत्रूला कोणी सांगावे लागले नाही.

हानोईच्या होआ लो तुरुंगात आणि इतर ठिकाणी त्यांनी सात वर्षांहून अधिक काळ काढला. त्यांपैकी तीन वर्षांहून अधिक काळ एकांतकोठडीत. श्रद्धेचा प्रश्न येथे खरा उभा राहतो. रिझनर यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींवरून असे दिसते, की त्यांची प्रार्थना ‘येथून सोडव’ अशी नव्हती, तर ‘हे सोसण्याचे बळ दे’ अशी होती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण सुटकेची मुदत बांधून केलेली प्रार्थना दरवर्षी खोटी ठरली असती आणि सात वर्षे ती टिकली असती असे वाटत नाही. भीती अनावर झाली की ते कोठडीत जागच्या जागी धावत, आणि ओरडल्याशिवाय राहवत नसे तेव्हा पहारेकऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात कापड कोंबून ओरडत. म्हणजे श्रद्धेमुळे त्यांना भीती वाटतच नव्हती, हा भाविक समज येथे लागू पडत नाही. कैदी भिंतीवर ठोके देऊन एकमेकांशी बोलत. पाच ओळी आणि पाच स्तंभांत बसवलेली ती सांकेतिक मुळाक्षरे होती आणि रात्रीचा निरोप बहुधा ‘देव तुझे भले करो’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या तीन आद्याक्षरांनी संपत असे.

नोव्हेंबर १९७० मध्ये सोन ताय येथील युद्धकैद्यांच्या छावणीवर अमेरिकेने छापा घातल्यानंतर विखुरलेले कैदी होआ लो येथील मोठ्या खोल्यांत एकत्र आणले गेले. ७ फेब्रुवारी १९७१ रोजी तेथे मनाई झुगारून रिझनर आणि त्यांचे सहकैदी जॉर्ज कोकर व हॉवर्ड रटलेज यांनी सामुदायिक उपासना घडवून आणली. तिघांनाही पहारेकरी ओढून नेऊ लागले, तेव्हा मागे राहिलेल्यांनी राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली. त्या क्षणी आपण नऊ फूट उंच झालो असे वाटले, असे रिझनर सांगत. कोलोरॅडो येथील हवाई दल अकादमीतील त्यांचा पुतळा नऊ फुटांचा आहे, तो त्यामुळेच.

१२ फेब्रुवारी १९७३ रोजी सुटलेल्या पहिल्या गटात ते होते. अनेक लेखक त्यांची कथा येथेच थांबवतात, पण आपल्या प्रश्नातील कुटुंबाचा भाग खरे तर येथून सुरू होतो. त्यांच्या अनुपस्थितीत घरचे सर्व निर्णय पत्नीने एकटीने घेतले होते, मुलगे वडिलांविना वाढले होते, आणि सुरुवातीची काही वर्षे तर कैद्यांच्या नातेवाइकांनी जाहीरपणे बोलू नये अशीच सरकारची भूमिका होती. १९७५ मध्ये हा विवाह घटस्फोटाने संपला. त्यावरून त्यांची कुटुंबनिष्ठा दिखाऊ होती असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते. प्रार्थना बंद कोठडीत एकट्याने चालू ठेवता येते. संसाराला मात्र दोघांचा रोजचा सहवास लागतो, आणि तो सात वर्षे कोणालाच मिळाला नव्हता. त्यांनी पुढे ज्यांच्याशी विवाह केला, त्यांचे पहिले पतीही लढाऊ वैमानिक होते आणि १९६७ पासून याच युद्धात बेपत्ता होते. तेव्हा रिझनर यांच्यापुरते विचाराल, तर ‘श्रद्धावान’ हा शब्द मी निःशंकपणे लिहीन. ‘कुटुंबवत्सल’ हाही लिहीन, पण त्याच्या शेजारी १९७५ चा घटस्फोट आणि पहिल्या पत्नीने एकटीने चालवलेले घर, या दोन्हींची नोंद केल्याशिवाय नाही.