रायगड एका दिवसात, आईला घेऊन

प्रश्न : आम्ही दापोलीचे. दिवाळीच्या सुट्टीत रायगडला जायचंय. बरोबर दोन मुलं, आठवी आणि पाचवीतली, आणि माझी आई. तिचे गुडघे दुखतात म्हणून मिस्टर म्हणतात तिला घरीच ठेवूया, मला ते पटत नाहीये. एका दिवसात होईल का, काय काय बघावं?

उत्तर : ताई, आईंना घेऊनच जा! पहाटे निघा, मंडणगडवरून महाड आणि तिथून पाचाड. गडावर जायच्या आधी पाचाडला थांबा, जिजाऊंची समाधी तिथे आहे. ६ जून १६७४ ला लेकाचा राज्याभिषेक बघितला आणि अकराव्या दिवशी, १७ जूनला, त्या गेल्या, हे मुलांना आजीनेच सांगू दे.

मग दोन पार्ट्या करा. आईंना घेऊन एकाने हिरकणीवाडीतून रोपवेने वर जायचं, पाचेक मिनिटांत वर, पण सुट्टीत रांग खूप असते म्हणून सकाळीच पोचा, आणि वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात हेही धरून चाला. दुसऱ्याने मुलांना पायऱ्यांनी न्यायचं, चौदाशेच्या वर आहेत, दमतील पण महादरवाजा चालत गेल्याशिवाय कळतच नाही, दोन बुरुजांच्या मधे असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

वर गेल्यावर बरेच जण म्हणतात नुसती जोतीच तर आहेत. अहो, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागल्या, आग लागली, वाडे जळून गेले, म्हणून जोती आहेत. राजसभेत एका मुलाला नगारखान्याशी उभं करा, दुसऱ्याला सिंहासनाच्या बाजूला, जिथवर जाता येतं तिथे, आणि हळू आवाजात बोलायला सांगा. गर्दी नसेल तर एवढ्या लांबून शब्द ऐकू येतात, स्पीकर नाही काही नाही. टकमक टोक, हिरकणी बुरूज वेळ उरला तर.

पण जगदीश्वराचं देऊळ चुकवू नका. आई गडावरच्या जुन्या बाजारपेठेतून सावकाश बसत-उठत येतील, जमेल. तिथे बाहेरच्या पायरीवर खाली वाकून बघा, दगडात कोरलंय, "सेवेचे ठायी तत्पर", आणि पुढे हिरोजींचं नाव. हा सगळा गड ज्याने बांधला त्या माणसाने आपलं नाव असं पायरीवर कोरलंय, आणि लोक त्यावर पाय देऊन आत जातात, बघतही नाहीत, मला दरवेळी भरून येतं. मुलांना हात लावून अक्षरं वाचू दे. तिथून महाराजांची समाधी समोरच आहे, घाई न करता बसा थोडं.

पाणी भरपूर न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा, आणि गडावर मावश्या ताक विकतात ते आईंना नक्की द्या.