मराठी लेखांची स्वतःची वेबसाइट करायची तर कोणती साधनं घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही खानापूर तालुक्यात शिक्षक आहात. गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिकांत आलेले वडिलांचे लेख आणि हलशी, भीमगड, कणकुंबी यांवरचं तुमचं लिखाण एका जागी आणायचंय. पाच-सहा पानं कन्नडमध्येही हवीत. प्रोग्रॅमिंग येत नाही, वर्षाला दोन हजारांवर खर्च नको. मग वर्डप्रेस घ्यावं, विक्स घ्यावं की आणखी काही, आणि होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, कुठं घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी उत्तर देतो. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावानं विकत घ्या, लेख साध्या मजकुराच्या फायलींत ठेवा, ह्यूगो नावाचं साधन वापरून त्यांची वेबपानं तयार करा आणि ती क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंग सेवेवर फुकट ठेवा. खर्च तेवढा डोमेनचा, वर्षाला साधारण हजाराच्या आत-बाहेर. ह्यूगो अगदीच जमणार नाही असं वाटलं तर गूगलचं ब्लॉगर घ्या, पण डोमेन मात्र स्वतःचंच जोडा.

मी बेळगावात डीटीपी करतो. स्मरणिका, गौरवग्रंथ, लग्नपत्रिका लावतो आणि अधूनमधून लोकांच्या वेबसाइटही करून देतो. त्यात एक गोष्ट सतत दिसते. कुठलं साधन घ्यायचं यावर लोक महिनाभर खल करतात आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे हे विचारायचंच राहून जातं. ओळखीच्या एका मंडळाची साइट ज्यानं करून दिली, त्यानं डोमेन स्वतःच्याच ईमेलवर घेतलं होतं. पुढं तो गाव सोडून गेला, नंबर बदलला, नूतनीकरणाची तारीख टळली आणि नाव दुसऱ्यानंच उचललं. मंडळाकडं छापील अंक होते म्हणून मजकूर वाचला, पण जुना पत्ता गेला तो गेलाच. डोमेन म्हणजे जागेचा उतारा समजा. घर कुणीही बांधून देऊ दे, उतारा तुमच्या नावावरच हवा. खातं तुमच्या ईमेलवर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर आणि पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असलेला. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. तोच पुढं दरवर्षी भरायचा असतो. डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतील. डॉट भारतही 2014 पासून देवनागरीत मिळतं आणि दिसायला छान दिसतं, पण काही ठिकाणी ते उलगडून रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटते, म्हणून मुख्य पत्ता तो नको.

डोमेन तुमचं असलं की बाकी काहीही बदलता येतं. जिओसिटीजवर लाखो लोकांनी घरची पानं मांडली होती, याहू कंपनीनं ती सेवा 2009 मध्ये बंद केली. गूगलनं स्वतःचा डोमेन विकण्याचा धंदासुद्धा 2023 मध्ये स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकला, पण ज्यांची डोमेनं होती त्यांची नावं त्यांच्याकडंच राहिली. म्हणून प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारतो: उद्या इथून निघायचं ठरवलं तर माझे लेख माझ्याबरोबर येतील का? विक्स इथं नापास होतं. तिथली साइट आहे तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. ब्लॉगरमधून सगळ्या लेखांची फाइल उतरवून घेता येते आणि स्वतःचं डोमेन फुकट जोडता येतं. वर्डप्रेसमधूनही सगळं बाहेर काढता येतं, पण स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस म्हणजे पीएचपी ही प्रोग्रॅमची भाषा, लेख साठवणारा डेटाबेस, दिसण्याचा साचा म्हणजे थीम आणि जोडसोयी म्हणजे प्लगइन आले. ते वेळोवेळी अपडेट करत राहावं लागतं, नाही केलं तर कुणीतरी घुसून भलत्याच जाहिराती डकवून जातं. रोज बातम्या टाकणाऱ्या किंवा चारजणांनी मिळून चालवायच्या साइटला वर्डप्रेस घ्यावं. तुमचे लेख एकदा लिहून झाले की फारसे बदलणार नाहीत. त्यांच्यासाठी डेटाबेस कशाला सांभाळायचा?

ह्यूगो 2013 पासून आहे, फुकट आहे, आणि एकाच फायलीत येतं. तुम्ही लेख मार्कडाउनमध्ये लिहायचा, म्हणजे नोटपॅडमध्ये साधा मजकूर, मथळ्याआधी एक चौकडी (#), ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या (**). मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा द्यायची की 'पब्लिक' नावाच्या फोल्डरमध्ये तयार पानं येऊन पडतात. ते फोल्डर ब्राउझरमधून क्लाउडफ्लेअर पेजेसच्या पानावर ओढून सोडलं की साइट लागली. हजार फायलींपर्यंत असं ओढून टाकता येतं, तुम्हाला ते पुरेल. डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे पत्ता कुठल्या जागेकडं जातो ते सांगणारी नोंद, एकदा क्लाउडफ्लेअरकडं वळवावे लागतात. कुलूपवाली सुरक्षित जोडणी आपोआप मिळते, तिचे वेगळे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. पहिला रविवार थीम बसवण्यात जाईल, त्यासाठी गावातल्या इंजिनिअरिंगच्या एखाद्या मुलाला हाताशी घ्या. त्यानंतर कुणाची गरज पडणार नाही.

खरा वेळ जाईल तो वडिलांच्या लेखांत, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. त्या स्मरणिका श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टांत लावलेल्या असणार. फाइल मिळाली तरी फॉन्टशिवाय उघडली की नुसत्या रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो, कारण त्यात मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. तो मजकूर तसाच साइटवर टाकलात तर गूगललाही सापडणार नाही आणि मोबाइलवरही दिसणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलणारे कन्व्हर्टर आहेत, ते वापरा, पण त्यांच्यावर विसंबू नका. रफार पुढच्या नाहीतर मागच्या अक्षरावर सरकतो, 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला ऱ्य-ऱ्ह बिघडतो, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर चुकते. एका हातात छापील अंक धरून ओळीवर ओळ लावूनच वाचा. फाइल नसेल तर पानांचे फोटो काढून गूगल ड्राइव्हमध्ये गूगल डॉक्सनं उघडा, मजकूर बराच शुद्ध उतरतो. कन्नड मजकूर जुन्या नुडी किंवा बरहाच्या फॉन्टांत असेल तर तिथंही हीच गत.

आता दिसण्याबद्दल. पानाच्या सुरुवातीला भाषेचा कोड असतो, मराठी पानांना 'एमआर' (mr) आणि कन्नड पानांना 'केएन' (kn) लिहा. थीम बनवणाऱ्यानं तिथं इंग्रजी लिहून ठेवलेलं असतं. कोड नीट असला आणि फॉन्टमध्ये सोय असली की ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदीसारखे नाही. फॉन्ट म्हणून मजकुराला मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी घ्या, कन्नडला नोटो सान्स कन्नड. सगळे फुकट आहेत. इंग्रजी थीममध्ये मथळ्यांची अक्षरं मुद्दाम विरळ केलेली असतात, ते अंतर शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटून 'मलप्रभा' शब्दाचे चार तुकडे दिसतात. ओळींमधलं अंतर पावणेदोनपट ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला अडकत नाही. तिरपी अक्षरं टाळा, देवनागरीला ती शोभत नाहीत.

फोटो लहान करूनच चढवा. मोबाइलमधला भूवराह नरसिंह मंदिराचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. रुंदी बाराशे पिक्सेल केली की तोच दोनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. जांबोटीच्या पुढं घाटात रेंज कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. कणकुंबीतल्या माणसाला कणकुंबीवरचं पान उघडता आलं पाहिजे.

पानांचे पत्ते रोमनमध्ये आणि आखूड ठेवा. मराठीत ठेवले तर व्हॉट्सॲपवर पाठवताना एकेका अक्षराची तीन-तीन टक्केवाली चिन्हं होऊन हातभर लांब पत्ता जातो आणि लोक तो दाबायला घाबरतात. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, म्हणून प्रत्येक पानावर 'खानापूर, जि. बेळगाव' असं पूर्ण लिहा. बेळगाव आणि बेळगावी ही दोन्ही रूपं मजकुरात कुठंतरी येऊ द्या, शोधणारे दोन्हींनी शोधतात. हलशीवर लिहिताना कदंबांचा उल्लेख कन्नड पानावरही करा. तिकडून येणारे वाचक त्याच नावानं शोधत येतील.

मार्कडाउनच्या फायलींचं मूळ फोल्डर महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवा आणि एक प्रत बेळगावात किंवा पुण्यात असलेल्या नातेवाइकाकडं द्या. कन्व्हर्टरमधून काढलेला एखादा लेख अडला तर त्यातला एक परिच्छेद आणि छापील पानाचा फोटो इथं टाका, कुठला जुना फॉन्ट आहे ते बघून सांगतो.