फॉरवर्डवर ‘आमेन’ टाकण्याआधी

प्रश्न : ताई, मी टीवायबीएस्सीला आहे, विषय फिजिक्स. आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पवित्र मरियेच्या पुतळ्याच्या डोळ्यांतून पाणी येतंय असा व्हिडिओ आला. आईने लगेच ‘आमेन’ टाकलं. मी शंका काढली, तर म्हणाली, ‘कॉलेजात गेलीस नि श्रद्धा गेली.’ उलट वर्गातला मित्र म्हणतो, ‘तुम्ही न पाहिलेलं मानताच, मग हेच का नको?’ खरं काय ते कळायचं कसं? आणि ग्रुपवर काही लिहू का?
– एक वाचक, वसई

उत्तर : आधी तुझ्या मित्राचं बघू. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी पेशंटचं रक्त मशीनला लावण्याआधी आम्ही कंट्रोल लावतो, म्हणजे कंपनीकडून आलेला, आकडा आधीच माहीत असलेला नमुना. आकडा रेंजमध्ये आला नाही, तर बाहेर कितीही रांग असो, रिपोर्ट निघत नाही. पण ती रेंज मी कुठे मोजलीय? बाटलीसोबतच्या कागदावर असते, ती मी मानते. तुझ्या मित्राने तरी इलेक्ट्रॉनचं वस्तुमान स्वतः काढलंय का? इंग्लंडचे कॅथलिक धर्मपंडित कार्डिनल न्यूमन यांनी १८७० साली हेच विचारलं होतं : ग्रेट ब्रिटन हे बेट आहे याची सगळ्यांना पक्की खात्री, पण भोवती फिरून आलेत किती जण? दुसऱ्याच्या शब्दावरून कळलेलंही कळलेलंच असतं. फक्त तो दुसरा कोण आणि त्याला कसं कळलं, हे विचारायचं.

तेच त्या व्हिडिओला विचार. २०१२ साली विलेपार्ल्याला, इर्ल्याच्या वेलंकणी माउलीच्या चर्चपाशी क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. भाविकांची रीघ लागली. सनल एडमरुकू हे बुद्धिवादी गृहस्थ येऊन बघून गेले आणि म्हणाले, जवळचं ड्रेनेज तुंबलंय, केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप ओढलं जाऊन, पाणी भिंतीतून वर चढतंय. केशाकर्षण तुला मी काय सांगणार! टीव्हीवर त्यांनी चर्चबद्दल आणखीही बरंच काही सुनावलं. ते सगळं मला पटत नाही. पण काही कॅथलिकांनी पोलिसांत तक्रारी केल्या आणि हा माणूस त्याच वर्षी फिनलंडला निघून गेला. मला याची लाज वाटते. तुंबलेल्या ड्रेनेजसाठी प्लंबरला बोलवायचं, पोलिसांना कशाला?

खरं तर चर्च स्वतः याहून कडक आहे. फ्रान्समधल्या लुर्द या तीर्थक्षेत्री आजारी माणसं बरं व्हायला जातात, तिथे १८८३पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे आणि कुठल्याही धर्माचा, किंवा कुठलाच धर्म न मानणारा डॉक्टर तिथल्या केसेस तपासू शकतो. बरं झाल्याच्या ७,०००हून जास्त नोंदी आहेत, चमत्कार म्हणून मान्य झाल्या त्या ७०च्या आसपास. आईला हा आकडा जरूर सांग.

आता अवघड भाग. येशू मेलेल्यांतून उठला हे मी मानते, तेही दुसऱ्यांच्या शब्दावरच. पण बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढून बघ. ते लिहिणारा प्रेषित पौल नावं देतो : केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, याकोब. पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी दर्शन झालं, म्हणतो, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. घटनेनंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलेलं हे पत्र. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावं, अशी सोय त्याने ठेवली होती. तुझ्या फॉरवर्डमध्ये ना गाव, ना तारीख, ना कुणाचं नाव.

एवढ्याने मित्राचं समाधान होणार नाही, व्हावं असा माझा हट्टही नाही. साक्षीदार भरवशाचे वाटले, तरी ते ज्याच्याबद्दल सांगतात त्याच्यावर विसंबायचं का, हे कुठलं मशीन सांगत नाही. मी विसंबते. मिस्सेला जाते, प्रार्थना करते, आणि कधीकधी तिथेही शंका येतात. त्या मी फादरांना सरळ विचारते. काही उत्तरं पटतात, काही अजून पटलेली नाहीत.

ग्रुपवर एवढंच लिही : ‘हा पुतळा कुठल्या चर्चमधला? तिथल्या फादरांशी कुणी बोललंय का?’ आईशी मात्र ग्रुपवर वाद घालू नकोस. चारचौघांत लेकीने खोटं पाडलं की कुणीच ऐकून घेत नाही. रात्री रोझरी झाल्यावर, जेवायला बसाल तेव्हा विषय काढ.