कॅलिफोर्नियाचा इतिहास, निसर्ग आणि माणसे समजून घेण्यासाठी एखादी दूरचित्रवाणी मालिका आहे का?

नोकरीनिमित्त सहकुटुंब लॉस एंजेलिसला आलो आहोत, डिस्नेलँड आणि हॉलिवूड पाहून झाले, आता शाळकरी मुलांना हा प्रदेश जरा मुळातून कळावा यासाठी काय पाहावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: ‘कॅलिफोर्नियाज गोल्ड’. ही मालिका 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या केसीईटी या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाली आणि राज्यातील इतर सार्वजनिक वाहिन्यांवरही दाखवली जात असे. तिचे नवे भाग निघणे 2012 मध्येच थांबले असले तरी त्यामुळे आपले काही अडणार नाही.

मालिकेचा कर्ताकरविता ह्यूएल हाउझर हा मूळचा इथला नव्हताच. त्याचा जन्म 1945 मध्ये टेनेसी राज्यातील गॅलाटिन या गावी झाला, आणि दक्षिणेकडचा तो हेल त्याच्या बोलण्यातून शेवटपर्यंत गेला नाही. 1981 मध्ये तो बातमीदार म्हणून लॉस एंजेलिसला आला. बाहेरून आलेल्या माणसाला जे नवल वाटते ते त्याच्या चेहऱ्यावर सदैव दिसत असे, आणि माझ्यासारख्या साताऱ्याहून आलेल्या माणसाला तो लगेच जवळचा वाटला, त्याचे कारणही बहुधा हेच असावे.

त्याची पद्धत अगदी साधी होती. हातात मायक्रोफोन घेतलेला हाउझर, त्याच्यासोबत एक छायाचित्रकार, आणि समोर त्या जागेशी आयुष्य जोडले गेलेला माणूस, एवढ्यावर सगळे चाले. प्रसंगाची काटछाट कमी असल्यामुळे बोलता बोलता माणूस अडखळला, हसला किंवा गहिवरला तर ते तसेच राहू दिले जाई. तज्ज्ञाला खुर्चीत बसवून व्याख्यान द्यायला लावण्याऐवजी तो पुलाची देखभाल करणाऱ्या कामगाराला किंवा पिढीजात बागायतदाराला बोलते करत असे. त्याचे प्रश्न कधी कधी इतके भाबडे असतात की सुरुवातीला मला त्याचा वैताग येई. पुढे लक्षात आले की असा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस पुस्तकी भाषा सोडून स्वतःच्या शब्दांत सांगू लागतो.

मला सर्वाधिक आवडलेला भाग फ्रेझ्नो येथील भुयारी बागांविषयीचा आहे. बाल्डासारे फोरेस्तियेरे हा सिसिलीहून आलेला तरुण पूर्वेकडच्या शहरांत बोगदे खणण्याचे काम करून कॅलिफोर्नियात आला आणि संत्र्या-लिंबांची बाग लावण्याच्या आशेने त्याने जमीन घेतली. तिथे मातीखाली सिमेंटसारखा टणक थर निघाला आणि बागेचा बेत फसला. उन्हाळ्यात चाळीस अंशांवर जाणाऱ्या त्या मुलखात गारव्यासाठी त्याने आधी एक तळघर खणले, आणि मग 1906 पासून 1946 मध्ये मरण येईपर्यंत, म्हणजे तब्बल 40 वर्षे, तो कुदळ-फावड्याने खणतच राहिला. स्वयंपाकघर, झोपण्याची खोली, देवघरासारखी प्रार्थनेची जागा, कमानी, बोळ, आणि वर उघडी ठेवलेली झरोक्यांची भोके. त्या भोकांखाली लावलेल्या फळझाडांचे शेंडे जमिनीच्या पातळीपर्यंत येतात, त्यामुळे त्यांची फळे वाकून वरून तोडता येतात. ज्या टणक थराने बाग बुडवली त्याच थरामुळे छत कोसळत नाही, हे आमच्या मुलाला प्रत्यक्ष तिथे गेल्यावर उमगले. भाग आधी पाहिलेला नसता तर आम्ही फ्रेझ्नोहून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाकडे न थांबता निघून गेलो असतो.

सॉल्टन सी या खाऱ्या सरोवरावरचा भागही आवर्जून पाहावा. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीच्या पाण्याने कालव्याची कड फोडली, ते पाणी 1907 पर्यंत समुद्रसपाटीपेक्षा 200 फुटांहून अधिक खोल असलेल्या खळग्यात भरत राहिले, आणि माणसाच्या चुकीतून एक सरोवर तयार झाले. पन्नाशी-साठीच्या दशकांत ते सुट्टीचे ठिकाण होते. पुढे शेतातून वाहून येणारे पाणी आणि बाष्पीभवन यांमुळे क्षार वाढत गेले आणि मासे मोठ्या संख्येने मरू लागले. गोल्डन गेट पुलाच्या उंच मनोऱ्यावर नेणारा भाग मुलांना आपोआपच आवडेल, त्याविषयी वेगळे सांगत नाही.

मालिकेतील एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. हाउझरचा कल कायम उजळ बाजूकडे असतो, त्यामुळे केवळ या भागांवर विसंबले तर कॅलिफोर्निया म्हणजे उत्साही, हौशी माणसांचा आनंदमेळा वाटू लागतो. म्हणून मालिकेच्या जोडीला पूर्व कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्याची एक सहल करावी. 1913 मध्ये सुरू झालेल्या जलवाहिनीने या खोऱ्याचे पाणी लॉस एंजेलिसकडे वळवले आणि तिथली शेती सुकत गेली. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर का येतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. त्याच खोऱ्यात मंझनार आहे, जिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवले होते आणि त्यांतले बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक होते.

हाउझर 7 जानेवारी 2013 रोजी वारला. त्याआधीच त्याने आपल्या चित्रफितींचा सगळा संग्रह ऑरेंज शहरातील चॅपमन विद्यापीठाला देऊन टाकला होता, आणि विद्यापीठाने तो संगणकीय रूपात सर्वांसाठी विनामूल्य खुला केला आहे. भाग साधारण अर्ध्या तासाचे असल्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर एक पाहण्याचा आमचा रिवाज होता. त्यांत दाखवलेल्या वेळा, दर आणि काही दुकाने आता जुनी झाली आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी त्या त्या ठिकाणी चौकशी करावी. फ्रेझ्नोला तर वाटाड्यासोबतच आत सोडतात, म्हणून तिथली वेळ आधी ठरवून घेतलेली बरी.