वेबचा अभ्यास आणि समाजशास्त्राची मुलगी

प्रश्न: माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. पुढे 'वेब सायन्स', म्हणजे वेबचा अभ्यास, करायचं म्हणते. तिचे काका म्हणतात, ते इंजिनिअर लोकांचं काम, आर्ट्सवाल्यांनी त्यात पडू नये. काय करावं?
– एक आई, साखर पेठ, सोलापूर

उत्तर: ताई, तिला अडवू नका. माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. जेकार्ड, म्हणजे मागावरचं नक्षी काढणारं यंत्र, बिघडलं की मिस्त्री यायचा. पण यंदा कुठल्या डिझाइनचा माल उठेल, हे वडिलांनी मिस्त्रीला कधी विचारलं नाही. काका मिस्त्रीकामालाच सगळा धंदा समजतायत.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. पुढे २००६ मध्ये वेंडी हॉल, नायजेल शॅडबोल्ट यांच्यासह त्यांनीच 'वेब सायन्स'चा उपक्रम सुरू केला, अमेरिकेतलं एमआयटी आणि इंग्लंडमधलं साउथॅम्प्टन या विद्यापीठांत. नुसत्या संगणकशास्त्राने वेब समजत नाही, कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्रही लागतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं.

एक उदाहरण देतो. १९९९ मध्ये बाराबाशी आणि अल्बर्ट या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांनी वेबचं गणित मांडलं: थोड्याच पानांकडे अफाट दुवे (लिंक) येतात, बाकीच्यांकडे जेमतेम. कारण नवं पान बहुधा आधीच नावाजलेल्या पानाचा दुवा देतं. गड्ड्याच्या यात्रेत ज्या स्टॉलपुढे गर्दी, तिथेच आपलेही पाय थांबतात ना, तसं. आणि रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच लिहिलं होतं की, तेवढंच काम केलं तरी नावाजलेल्या शास्त्रज्ञाला श्रेय जास्त मिळतं, अनोळखी मागे राहतो. तेव्हा वेब जन्मालाही आलं नव्हतं! तुमच्या मुलीने मर्टन अभ्यासक्रमात वाचला असेल. तिला विचारा.

मात्र संख्याशास्त्र टाळता येणार नाही, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषाही थोडी शिकावी लागेल. मी कॉलेजात संख्याशास्त्रच शिकवलं. मन लावून बसलेल्या आर्ट्सच्या मुलींना ते जमताना पाहिलंय.

सुट्टीत तिला एक काम द्या. 'सोलापुरी चादर' असं शोधायचं, पहिली ३० पानं वहीत टिपायची: विकतो कोण, कुठला, कोण कुणाचा दुवा देतो. मग वही घेऊन अशोक चौकाकडच्या कारखानदारांना भेटायचं. त्यातल्या कितीजणांचं नाव त्या ३० पानांत सापडतं आणि उरलेल्यांचं का सापडत नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. तिथे तेलुगू बोलणारे बरेच, त्यामुळे तिला तेलुगू येत असेल तर उत्तम. ती वही मला जरूर दाखवा.