जपानमधल्या कनाझावात दोन दिवस कुठे राहावं, काय खावं, काय बघावं? (सोबत आई-बाबा, दोघंही शाकाहारी)

राहायला स्टेशनजवळ किंवा ओमिचो बाजाराच्या आसपास बघा. टोकियोहून शिनकानसेन (बुलेट ट्रेन) अडीच-तीन तासांत पोचवते आणि पुढची बहुतेक ठिकाणं बसने होतात.

पहिली सकाळ केनरोकुएनला द्या. माएदा सरदारांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली ही बाग जपानच्या तीन सर्वोत्तम बागांत गणली जाते. हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनच्या झाडांना उंच खांबावरून दोरांनी तोलून धरतात. नोव्हेंबरपासून हे बघायला मिळतं. किल्ला समोरच आहे. दुपारी हिगाशी चाया, म्हणजे १८२० साली वसवलेली गेइशांच्या चहाघरांची लाकडी गल्ली. जपानचा जवळपास सगळा सोन्याचा वर्ख कनाझावात बनतो, त्यामुळे इथे आइस्क्रीमवरही तो लावून देतात. चव शून्य, फोटो झकास!

दुसऱ्या दिवशी नागामाचीतल्या सामुराईंच्या मातीच्या भिंती आणि मग म्योर्यूजी मंदिर. तिथे छुपे दरवाजे नि भरपूर जिने आहेत, तेव्हा आईबाबांचे गुडघे विचारात घ्या. आगाऊ बुकिंग लागतंच.

खाण्याचं मात्र अवघड आहे. ओमिचो म्हणजे मासळीचं राज्य. नुसत्या भाजीच्या दिसणाऱ्या सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्शातही माशाचा अर्क (दाशी) असतो. ‘मासे खात नाही’ एवढं सांगून भागत नाही, ‘दाशीसुद्धा नको’ असं जपानीत लिहून दाखवा. थेपले, मेतकूट बॅगेत असू द्याच.