वळवात मंडप पडला, आता डेकोरेटर उलट पैसे मागतोय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मे महिन्यात निफाडजवळ घरापुढच्या पटांगणात मुलीचं लग्न होतं, मंडप १ लाख ८० हजाराला ठरला, १ लाख अ‍ॅडव्हान्स दिला, हळदीच्या संध्याकाळी वळीव आला आणि मंडप आडवा झाला, रातोरात हॉल शोधून लग्न लावावं लागलं. आता डेकोरेटर म्हणतो निसर्गापुढे मी काय करणार, बाकीचे ८० हजार द्या आणि फाटलेलं कापड, वाकलेले पाइप यांचे ६० हजार वेगळे द्या. आधी एक करा, घाबरून त्याला "थोडे थोडे देते" असा मेसेज अजिबात पाठवू नका, तो उद्या कबुली म्हणून दाखवेल.

पाऊस आला म्हणजे आपोआप दैवी आपत्ती होत नाही. १९५८ सालचा मध्य प्रदेश हायकोर्टाचा निकाल आहे, पावसात भिंत पडून मुलं गेली, मालक म्हणाला त्या दिवशी २.६६ इंच पाऊस पडला, माझा काय दोष, कोर्टाने ऐकलं नाही, पावसाळ्यात एवढा पाऊस येणार हे धरूनच चालायचं असतं. तुमच्या भागात मे महिन्यात दुपारनंतर वारा सुटतो, वळीव येतो हे शाळकरी पोरालाही माहितीये, मग दर लग्नसराईत मंडप टाकणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं असं कोण मानेल?

आता तुम्ही पाठवलेले फोटो बघा, कारण खरी केस तिथेच आहे. खांब नुसते विटांवर उभे केलेत, खुंट्या दोनच बाजूंना दिसतात, आणि तिन्ही बाजूंनी कनात घट्ट बांधलीये. वारा उघड्या बाजूने आत शिरला की त्याला बाहेर पडायला वाट नाही, तो छत वर उचलतो, आणि छताला उतार नसेल तर झोळ पडून पाणी साचतं, एका चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. हे निसर्गाचं काम नाही, हा कामातला हलगर्जीपणा आहे आणि ग्राहक कायद्यात याला सेवेतली त्रुटी म्हणतात. २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ जसोलला कथेचा मंडप वादळात कोसळून माणसं मेली, तुमच्याकडे भाच्याच्या डोक्याला टाके पडले एवढ्यावर निभावलं. दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

६० हजाराचं म्हणाल तर सामान त्याचं, उभारलं त्याच्या माणसांनी. ते तुमच्या ताब्यात होतं असं धरलं तरी करार कायद्याच्या कलम १५१ आणि १५२ प्रमाणे तुम्ही साधारण काळजी घेतली असेल तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. मात्र वेगळी अट मान्य केली असेल तर गोष्ट बदलते, म्हणून कोटेशनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून मला कळवा. आणि समजा कोर्टाने वादळ खरंच अभूतपूर्व होतं असं मानलं, तरी कलम ५६ ने करार संपतो आणि कलम ६५ प्रमाणे मिळालेला फायदा परत करावा लागतो, म्हणजे त्याही वाटेने अख्खे ८० हजार त्याला मिळणं अवघडच. दुपारपर्यंत हळद त्याच मंडपात झाली, तेवढ्या भागाचे पैसे मात्र सोडायची तयारी ठेवा, ते न्यायाचंही आहे.

एक गोष्ट मला खरी खरी सांगा. कनात सोडतो किंवा पटांगण खणून खुंट्या ठोकतो असं तो म्हणाला आणि घरच्यांनी नको म्हटलं, असं काही झालं होतं का? झालं असेल तर तुमची बाजू बरीच कमजोर होते, मग तडजोड बरी.

नसेल तर हवामान खात्याचा त्या दिवशीचा इशारा, त्या तारखेच्या वाऱ्यापावसाच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅप चॅट, हॉलचं आणि वाया गेलेल्या जेवणाचं बिल गोळा करा. फोन बदलू नका, चॅट कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. वकिलामार्फत नोटीस द्या, १५ दिवसांची मुदत ठेवा, नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत घटनेपासून २ वर्षं. पोलिसात देतो म्हणाला तर देऊ दे, बिलाची वसुली हे पोलिसांचं काम नाही.